उन्हाळा लागला की गाडीचं ॲव्हरेज पडतं: एसीचा वाटा किती, बिघाड कुठे आणि तो कसा शोधायचा

मार्च सरत आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस-घाटंजी पट्ट्यात गाडीवाल्यांची एकच तक्रार सुरू होते. "भाऊ, हिवाळ्यात सतरा-अठरा देत होती, आता बारावर आली. काऊन?" दरवर्षी तोच महिना, तोच प्रश्न. उत्तरंही ठरलेली दोनच मिळतात. एक तर "एसी लावला की एवढं जातंच", नाहीतर "गॅस भरून घे". पहिलं उत्तर अर्धंच खरं आहे. दुसऱ्यात पुष्कळदा पैसे जातात आणि पुढच्या एप्रिलात गाडी परत तिथेच येते. म्हणून हा प्रश्न जरा मुळापासून पाहू.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: एसी तेल खातो ते तासाच्या हिशेबानं, किलोमीटरच्या हिशेबानं नाही. गाडी पळो की उभी राहो, कंप्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, चालू आहे तोवर तो इंजिनाकडून ताकद घेतच असतो. आपण मात्र ॲव्हरेज मोजतो किलोमीटरमध्ये. सगळा घोळ इथे होतो.

आकड्यांत पाहू. छोट्या गाडीचा कंप्रेसर कडक उन्हात साधारण दीड ते तीन किलोवॅट ताकद घेतो. मधला आकडा धरा, दोन किलोवॅट. विजेच्या मीटरच्या भाषेत सांगायचं तर तासाला दोन युनिट. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, पण इंजिन त्यातला पाव ते एक तृतीयांश भागच कामाला लावतं, बाकीची उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जाते. म्हणजे कंप्रेसरला दोन युनिट द्यायला सुमारे सात युनिटचं पेट्रोल जळतं. तासाला जवळपास पाऊण लिटर.

आता हाच पाऊण लिटर दोन रस्त्यांवर लावून पाहा. नागपूर–वर्धा–यवतमाळ महामार्गावर गाडी ताशी ८० नं चालली आणि एसीविना २० चं ॲव्हरेज देत असेल, तर तासाला ४ लिटर लागतं. एसीचे पाऊण मिळवले की पावणेपाच, आणि ॲव्हरेज येतं १७ च्या जवळ. तीच गाडी गावातल्या उखडलेल्या रस्त्यानं, पांदणीतून, गतिरोधकांवरून ताशी ३० नं चालते तेव्हा एसीविना १७ देत असेल, तर तासाला पावणेदोन लिटर लागतं. त्यात पाऊण मिळवा. अडीच लिटर, आणि ॲव्हरेज थेट १२. एसी तोच, गाडी तीच, पण पहिल्या रस्त्यावर सहावा हिस्सा गेला आणि दुसऱ्या रस्त्यावर तिसरा हिस्सा. शहरातून महामार्गानं येणारा पाहुणा "माझ्या गाडीत तर एसीचा काही फरकच पडत नाही" म्हणतो आणि आपली गाडी बारावर येते, त्याचं कारण हेच असतं. दोघंही खरं बोलत असतात.

उभ्या गाडीत तर ॲव्हरेज शून्यच. बाजार समितीच्या आवारात, तहसीलसमोर, दवाखान्याबाहेर एसी लावून गाडी चालू ठेवली तर छोटं पेट्रोल इंजिनसुद्धा तासाला लिटरभर खाऊन जातं. अर्ध्या तासाची वाट पाहणं म्हणजे पन्नासेक रुपये, आणि एक किलोमीटरही पुढे सरकलेलो नसतो. त्यातही एक गोष्ट कळकळीनं सांगतो: बंद काचा, चालू इंजिन आणि एसी अशा अवस्थेत, विशेषतः गोठ्यात, शेडमध्ये किंवा भिंतीला खेटून गाडी उभी असताना आत झोपू नका. सायलेन्सरचा विषारी वायू आत शिरला तर त्याला वास नसतो, आणि झोपेतला माणूस उठत नाही.

मग मे महिन्यातच जास्त का? कारण एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून समोरच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. बाहेरची हवा ३० अंश असताना हे काम सोपं असतं, कंडेन्सरमधल्या गॅसचा दाब ११-१२ बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) आसपास राहतो. नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, बाहेर ४५ असतात तेव्हा तोच दाब १८ बारकडे जातो. कंप्रेसरला तितकाच जास्त जोर लावावा लागतो, आणि आत गारवा होत नाही म्हणून तो मध्ये बंदही पडत नाही. जानेवारीत जो कंप्रेसर निम्मा वेळ आराम करतो, तो मेमध्ये सलग ओढत राहतो. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तसल्या हवेत निरोगी एसीसुद्धा जास्त तेल घेणारच. ही वाढ आजार नव्हे. आपल्याला शोधायची आहे ती तिच्यावरची वाढ.

आधी एसीच गुन्हेगार आहे का, ते तपासा

टाकी फुल्ल करा, पंपाचं पिस्तूल आपोआप थांबलं की थांबा, वरून आणखी थोडं टाकू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा. किमान तीनशे किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर, तशाच पद्धतीनं पुन्हा फुल्ल करा. किलोमीटरला लिटरनं भागा. डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजापुरता ठीक, पण निदान त्यावर करू नका. अशी एक टाकी पहाटे आणि सकाळी लवकर, एसी बंद ठेवून संपवा. दुसरी नेहमीसारखी.

एसी बंद ठेवूनही ॲव्हरेज हिवाळ्याइतकं येत नसेल तर एसीला दोष देऊ नका, दुसरीकडे पाहा. टायरची हवा पहिली. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवायची, असा समज आपल्याकडे घट्ट बसलाय आणि तो उलटा आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त मुरडतो, त्यानेच जास्त तापतो आणि फुटतो. समृद्धी महामार्गाच्या सिमेंटवर तर हे जिवावर बेतू शकतं. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तेवढी हवा, सकाळी टायर थंड असताना. त्यानंतर एअर फिल्टर, कारण आपल्या धुळीत तो कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. मग एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटतोय का ते पाहा: गाडी चालवून आणल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम लागत असेल तर समजा. आणि पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे ई-२० मध्ये, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये, शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी. पण ही घट बाराही महिने राहते. फक्त उन्हाळ्यात येणारी घट तिच्यामुळे नसते.

एसी बंद केल्यावर ॲव्हरेज परत जागेवर येत असेल तर पुढे वाचा.

कंडेन्सर: आपल्या भागातला पहिला संशय

गाडीच्या तोंडाशी, समोरच्या जाळीमागे, रेडिएटरच्याही पुढे जो पातळ पत्र्यांचा पडदा दिसतो तो कंडेन्सर. आतली सगळी उष्णता बाहेर पडायचं दार हेच. आणि आपल्याकडे गाड्या कुठून कुठे फिरतात ते आठवा. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, थ्रेशरचा भुसा रस्त्यावर उडत असतो. नोव्हेंबरपासून कापूस. जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-मेटाडोरमागे दहा मिनिटं चाललं तरी रुईचे तंतू जाळीतून आत जातात. त्यावर धूळ बसते, दव पडतं, किडे चिकटतात, आणि फेब्रुवारीपर्यंत कंडेन्सरच्या पत्र्यांवर गोधडीसारखा थर तयार होतो. हिवाळ्यात एसी लागत नाही म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. एप्रिलात पहिल्यांदा बटण दाबलं की गारवा कमी, कंप्रेसर अखंड चालू, ॲव्हरेज खाली. आणि मेकॅनिक म्हणतो, गॅस संपला.

म्हणून गॅसचं नाव काढायच्या आधी टॉर्च घ्या आणि समोरून जाळीत पाहा. पत्र्यांच्या फटी दिसत नसतील, करडा-पांढरा लेप दिसत असेल, तर निम्मं निदान झालं. काही गाड्यांत कंडेन्सर वरून स्वच्छ दिसतो, पण त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत रुई-भुसा साचलेला असतो. बॉनेट उघडून वरून त्या फटीतही उजेड टाका.

स्वच्छ करायचं ते इंजिन पूर्ण थंड असताना. साध्या नळीचं पाणी, अंगठा धरून येईल तेवढ्याच जोराचं, जमेल तिथे आतून बाहेर. म्हणजे कचरा ज्या वाटेनं आला त्या वाटेनं परत निघतो. आतून पोहोचता येत नसेल तर समोरून, पण नळी सरळ धरून. मऊ ब्रश चालेल, पत्र्यांच्या दिशेनंच. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन मात्र इथे अजिबात मारू देऊ नका. हे पत्रे कागदासारखे पातळ असतात, एका फवाऱ्यात आडवे होतात, आणि आडव्या पत्र्यांतून हवा कायमची बंद होते. कंडेन्सर खराब होण्याचं हे कारण कचऱ्याइतकंच मोठं आहे.

वर्षातून दोनदा हे करा: सोयाबीन निघाल्यावर एकदा आणि कापसाचा हंगाम सरल्यावर, होळीच्या आसपास, दुसऱ्यांदा. काही जण समोर मच्छरदाणीची जाळी बांधतात. रुई अडते हे खरं, पण हवाही अडते. हंगामात बांधली तर दर आठवड्याला झटका, आणि उन्हाळ्यात काढूनच ठेवा.

याच वेळी पंखा पाहून घ्या. गाडी उभी, इंजिन चालू, एसी पूर्ण. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्याच वेळात समोरचा पंखा फिरू लागतो. हात जवळ नेऊ नका, फक्त ऐका आणि पाहा. पंखा फिरत नसेल किंवा रडत रडत फिरत असेल, तर फ्यूज, रिले किंवा मोटर.

लक्षणावरून बिघाड

गाडी पळताना थंड, उभी राहिली की गरम: पंखा किंवा कंडेन्सर. गॅसवर पैसे घालू नका.

सुरुवातीला छान थंड, अर्ध्या-पाऊण तासानं हवाच कमी येते, बंद करून पुन्हा लावलं की परत ठीक: आत डॅशबोर्डमागच्या कॉइलवर बर्फ धरतोय. बहुतेक वेळा कारण केबिन फिल्टर. समोरच्या सीटपुढचा कप्पा उघडला की त्याच्यामागे तो सापडतो, बऱ्याच गाड्यांत तो बदलायला काही मिनिटंच लागतात. आपल्या मुरमाच्या रस्त्यांवर वर्षभरात तो मातीच्या पाटीसारखा होतो. फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ धरत असेल तर कॉइलजवळचा तापमापक सेन्सर किंवा कमी गॅस.

कंप्रेसर टक्-टक् करत काही सेकंदांत चालू-बंद, चालू-बंद: गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. कंप्रेसर सतत चालू, तरी गारवा नाही, आणि कंडेन्सर-पंखा ठीक: हाही गॅसचाच संशय. नाहीतर आतली झडप नीट बंद होत नसल्यानं हीटरची गरम हवा थंड हवेत मिसळतेय.

एसी लावला की इंजिनाचा काटा वर: कूलंट, रेडिएटर, पंखा. हा काटा वर जात असेल तर एसी बंद करा आणि गाडी बाजूला घ्या. ॲव्हरेजचं नंतर पाहता येईल.

मोजमाप हवं असेल तर एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. सावलीत गाडी उभी करून एसी पूर्ण, आतली हवा फिरवणारं बटण चालू, इंजिन थोडं रेस देऊन दहा मिनिटं. डॅशबोर्डवरच्या मधल्या जाळीत, जिथून गार हवा येते तिथे, थर्मामीटर धरा. बाहेर ४० असताना १२ ते १५ आलं तर यंत्रणा ठीक काम करते आहे. २० च्या वर थांबलं तर कुठेतरी दुखतंय.

गॅस भरायचाच झाला तर

गाडीचा एसी बंद नळ्यांचा असतो. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. रबरी नळ्या आणि सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, तेवढाच. दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस हवेत जाणार. जोडांपाशी तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर गळती तिथेच. नायट्रोजन भरून, साबणाचा फेस लावून ती पक्की करता येते. मेकॅनिकला आधी हे करायला सांगा.

बॉनेटखाली एक स्टिकर असतं. त्यावर गॅसचं नाव, आर-१३४ए किंवा नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ, आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. छोट्या गाड्यांत ते साधारण साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम. भरताना वजनावरच भरून घ्या. "थोडा जास्त टाकतो, मस्त थंड होईल" हे ऐकलं तर तिथेच थांबवा. जास्त गॅसनं दाब वाढतो, कंप्रेसर जास्त ओढतो, गारवा उलट कमी होतो आणि तेल जास्त जातं. म्हणजे ज्या तक्रारीसाठी गेलात तीच वाढवून परत येता. भरण्याआधी किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल पंपानं ओढून काढणं, झालंच पाहिजे, नळ्यांत ओल राहिली तर आतून गंज धरतो.

आणि स्वस्तात होतं म्हणून कुणी स्वयंपाकाच्या गॅससारखा जळणारा गॅस एसीत भरून देत असेल तर सरळ नाही म्हणा. थंड होईल, पण डॅशबोर्डमागे गळला तर बंद गाडीत एक ठिणगी पुरे.

यंत्रणा निरोगी, तरी तेल कसं वाचवायचं

उन्हात तासभर उभ्या गाडीत आतली हवा साठीच्या घरात जाते. ती एसीनं थंड करण्यापेक्षा फुकट बाहेर काढा. चारही दारं मिनिटभर उघडा, पहिले काही शे मीटर काचा खाली ठेवून चालवा, मग काचा बंद आणि एसी. त्यानंतर आतली हवा फिरवणारं बटण, ज्यावर गाडीच्या आत वळणारा बाण असतो, ते लावा. नाहीतर एसी दर क्षणी बाहेरची ४५ अंशांची हवा थंड करत बसतो. फक्त लांबच्या प्रवासात अधूनमधून दोन मिनिटं बाहेरची हवा घ्या. आपल्याच श्वासानं कोंडलेल्या हवेत चालवणाऱ्याला पेंग येते.

साध्या फिरवायच्या बटणाचा एसी असेल तर तापमानाचं बटण मध्यावर ठेवून बचत होते, हा समज सोडा. बहुतेक गाड्यांत तसं केलं की थंड केलेल्या हवेत इंजिनाची गरम हवा मिसळली जाते, कंप्रेसर तितकाच चालतो. बटण पूर्ण थंडवर, आणि थंडी वाजली तर पंखा कमी करा. पंखा कमी केला की कंप्रेसरला मध्ये थांबायची संधी मिळते. आकडा दाखवणारा ऑटोमॅटिक एसी असेल तर मात्र १८ ऐवजी २४-२५ ठेवल्यानं खरोखर फरक पडतो.

काचा उघड्या की एसी, हा वाद गावच्या रस्त्यावर आणि महामार्गावर वेगळा सुटतो. ताशी ३०-४० ला उघड्या काचांचा अडथळा नगण्य, म्हणून सकाळ-संध्याकाळ गावात काचा उघड्या ठेवा. ताशी ८०-९० च्या पुढे काचा बंदच बऱ्या. दुपारच्या लू मध्ये हा प्रश्नच विचारू नका, माणूस आधी. म्हातारं माणूस किंवा लेकरू गाडीत असताना तेलासाठी एसी बंद करू नये.

समृद्धीवरून जाणाऱ्यांनी हेही पाहावं: हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ९० वरून १२० वर गेलात की तो पावणेदोन पटींहून जास्त होतो. त्या जादा अडथळ्यात जे तेल जातं ते एसीच्या खर्चाहून जास्त असतं. तिथे एसी बंद करून घाम गाळण्यापेक्षा पाय थोडा हलका ठेवा.

सीटा भरून चालणाऱ्या काळी-पिवळीसारख्या गाड्यांची गोष्ट निराळी. शांत बसलेला माणूसही सुमारे शंभर वॅट उष्णता सोडतो. आठ-नऊ माणसं म्हणजे जवळपास एक किलोवॅटची शेगडीच, शिवाय दर दोन किलोमीटरला दार उघडतं. तिथे ॲव्हरेज पडण्याचं कारण गाडीत शोधून सापडणार नाही, भाड्याचा हिशेबच एसी धरून करावा लागेल.

काचांवर काळी फिल्म लावायचा मोह होतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये त्यावर बंदी घातली. नियमानं समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. उभ्या गाडीला समोरच्या काचेआड चकचकीत पडदा आणि जमेल तिथे कडुलिंबाची सावली, याचा उपयोग जास्त आणि दंड नाही.

पाऊस लागला की एसी विसरला जातो आणि थेट पुढच्या मार्चमध्ये आठवतो. कंप्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं आणि सील ओले ठेवतं. महिनोन्महिने एसी बंद राहिला की सील सुकतात आणि गळती तिथूनच सुरू होते. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा. तेवढ्या वेळात जे काही थेंब जातील ते जाऊ द्या.